परमिट रूमचा पडदा

माझं नाव सुनंदा. शाळेत असताना हे नाव मला नकोसं झालं होतं, कारण जालना रोडनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यांची रांग संपून करमाडकडं निघालं की डाव्या हाताला दोन कडुलिंबांच्या मधे एक लोखंडी कमान लागायची आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं : सुनंदा गार्डन, फॅमिली रूम व परमिट रूम. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मोठ्या हौसेनं रंगवून घेतलं होतं. देवगाव रंगारीची शेती भावांच्या हवाली करून ते इकडं आले, काही वर्षं एका कारखान्याचं कँटीन चालवलं, आणि मग रस्त्यालगत जागा घेऊन हॉटेल टाकलं तेव्हा मी पाळण्यात होते. पहिल्या लेकीचं नाव धंद्याला दिलं की लक्ष्मी घर सोडत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या लक्ष्मीला वर्गातल्या पोरी काय म्हणतात, हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "थंडगार बिअर मिळंल!" वर्गातली एकही मुलगी कधी आमच्या घरी खेळायला आली नाही. त्यांच्या आया येऊ देत नव्हत्या. त्यांचे वडील मात्र येत होते.

आमचं घर म्हणजे हॉटेलच्याच मागच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर एकच, त्यात घरच्यांचंही शिजायचं आणि गिऱ्हाइकांचंही. एका बाजूला बाबूमियाँची भट्टी, दुसऱ्या बाजूला मायची चूल. बाबूमियाँ शहागंजचे. रविवारी ते मोठ्या पातेल्यात मटणाचा खलिया चढवायचे आणि त्याच्या वासानं रस्त्यावरचे ट्रक आपोआप ब्रेक मारतात, असं अण्णा सांगत फिरायचे. माय भाकऱ्या थापायची, वांगी भाजायची, शेंगदाण्याचा ठेचा खलबत्त्यात कुटायची. तिच्या ठेच्याला परमिट रूममधून इतकी मागणी यायची की बाबूमियाँ रुसायचे. "भाभी, मेरे खलिये को कोई पूछताच नइं, सब तुम्हारे मिर्च पे मरते," म्हणायचे, आणि दुपारी स्वतःच तो ठेचा भाकरीवर घेऊन भट्टीशेजारी उकिडवे बसायचे.

स्वयंपाकघराला दोन दारं होती. एक फॅमिली रूमकडं उघडायचं. दुसऱ्याला दार नव्हतंच, एक जाड हिरवा पडदा होता आणि त्याच्या पलीकडं परमिट रूम. शाळा सकाळची असल्यामुळं मी दुपारी घरी यायचे तेव्हा परमिट रूम रिकामी असायची. फरशी नुकती पुसलेली, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. त्यातली एक खाली घेऊन मी पंख्याखाली अभ्यास करायचे. कितीही पुसलं तरी तिथं एक आंबूस वास राहायचाच, त्यात लिंबाचा आणि उदबत्तीचा वास मिसळलेला. खरं सांगायचं तर मला ती खोली आवडायची. भूमितीची सगळी प्रमेयं मी तिथंच पाठ केली. मग पलीकडच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि स्वयंपाकघरातून मायची हाक यायची, "भोंगा झाला, उठ." त्यानंतर लेकरानं पडदा ओलांडायचा नाही, हा मायचा कायदा होता. ती स्वतःही ओलांडत नसे. ताटं तयार झाली की पडद्याशी उभी राहून वेटर शंकरच्या हातात द्यायची, पण तिचं पाऊल कधी पलीकडं पडलं नाही.

त्यामुळं पडद्यापलीकडची माणसं मला दिसण्याऐवजी ऐकू यायची. बर्फ फोडल्याचा आवाज, सोड्याच्या बाटलीचा फुस्स, मग हळूहळू चढत जाणारं बोलणं. खोकल्यावरून मी माणूस ओळखायचे. एक जण दुसऱ्या ग्लासानंतर विकलेल्या बैलाची आठवण काढून रडायचा, दुसरा त्याला "जाऊ दे, जाऊ दे" म्हणता म्हणता स्वतःच रडायचा. साहेब लोक इंग्रजीत भांडायचे आणि मराठीत समेट करायचे. घरातल्या घरात जे बोलत नसतील ते ही माणसं इथं बोलत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त हसू यायचं.

रविवारी परमिट रूम दुपारीच भरायची. मी सातवीत असताना रविवार दुपारचे एक पाठक साहेब यायला लागले. कुठल्यातरी कारखान्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. पांढरा शर्ट, चष्मा, आवाज इतका हळू की शंकरला वाकून ऑर्डर घ्यावी लागायची. स्कूटरवर पुढं त्यांची मुलगी उभी असायची. मंजू. पाचवीत होती, दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक. साहेब तिला घेऊन थेट परमिट रूममध्ये शिरायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवायचे, तिच्यासाठी ऑरेंजची बाटली आणि मसाला पापड मागवायचे. तिच्यासमोर गोष्टीचं पुस्तक उघडं असायचं. साहेब दोन ग्लास घ्यायचे, ती म्हणायची, "बाबा, चला ना," आणि दोघं उठून निघून जायचे. हे सगळं मी पडद्याच्या फटीतून बघितलेलं. माझा जळफळाट व्हायचा. कमानीवर नाव माझं आणि आत बसायची ती.

अण्णांना मंजूचं भारी कौतुक होतं. एकदा सकाळी माय तांदूळ निवडत असताना तिनं विषय काढला.

"त्या सायबाला सांगा, पोरीला फॅमिली रूममधी बसवा म्हणावं."

"अगं, बापाशेजारी बसती ती," अण्णा म्हणाले. "अन् तुला सांगू का, ती असली की कुणी शिवी देत नाय, कुणी ग्लास आपटत नाय. परवा तर एक जण तिच्यासाठी पेरू घेऊन आला होता. मंजू आली की खोलीचं देऊळ होतंय."

"मग देवळात न्या म्हणावं तिला."

"गिऱ्हाइकानं आपलं लेकरू कुठं बसवावं, हे सांगणारे आपण कोण?"

"लेकरू गिऱ्हाईक नसतंय," माय म्हणाली.

मी मधेच तोंड घातलं, "मग मला का नाही जाऊ देत?" अण्णा तांदळाकडं बघत राहिले. मायनं सूप आपटलं. "आता बोला की. आपली पोरगी नको, दुसऱ्याची चालती. व्हय ना?" अण्णा बाहेर गेले आणि कडुलिंबाला पाणी घालायला लागले. उत्तर सुचलं नाही की ते त्या झाडांना पाणी घालायचे. झाडं त्यामुळंच एवढी वाढली, असं बाबूमियाँ म्हणायचे.

पुढच्याच रविवारी पडद्यापलीकडची सगळी कुजबुज अचानक थांबली आणि एका लहान मुलीचा आवाज यायला लागला. शाळेतली प्रार्थना. मायचा भाकरीवरचा हात थांबला.

"कोण लेकरू गाणं म्हणायलंय तिकडं?"

शंकर रिकामी ताटं घेऊन आत येत होता. "पाठक सायबांची मंजू. एक जण म्हणला, टेबलावर उभी राहून म्हण. लई गोड म्हणायलीय, वहिनी. दोघं-तिघं तर रडायलेत."

मायनं पिठाचे हात तसेच ठेवून डोक्यावर पदर ओढला आणि पडदा सारून पलीकडं गेली. मी मागोमाग पडद्याशी उभी राहिले. खोलीतल्या माणसांचे चेहरे मला अजून दिसतात. कुणी हातातला ग्लास टेबलाखाली नेला, कुणी विडी विझवली. गल्ल्यावर बसलेले अण्णा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मंजू टेबलावर उभी होती, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मायनं तिची प्रार्थना संपू दिली. मग तिला काखेत धरून खाली उतरवलं. "चल गं माय माझी, गरम भाकरी खायला," म्हणाली, आणि पाठक साहेबांकडं बघून, "सायेब, पोरगी आत हाय. जाताना घेऊन जा." साहेबांनी मान डोलावली. तेवढ्या हळू आवाजाच्या माणसाला भांडता कसं येणार?

तिथून पुढं मंजू रविवारी आमच्या स्वयंपाकघरात बसायला लागली. माय तिला तव्यावरची पहिली भाकरी द्यायची, वर लोण्याचा गोळा. बाबूमियाँ तिच्यासाठी शेवयांची खीर बाजूला काढून ठेवायचे आणि "खा ले बेटा, नक्को बोलना नइं," म्हणून समोर बसून संपवायला लावायचे. माझ्यासाठी तर तो सणच होता. माझ्या घरी आलेली ती पहिली मुलगी. मी तिला माझं सगळं दाखवलं, बांगड्यांचे तुकडे, काडेपेटीची चित्रं, कडुलिंबावरचं कावळ्याचं घरटं. ती बघायची, पण तिचं लक्ष नसायचं. घास तोंडात घालून उठायची, पडद्याची कड बोटभर सरकवायची, परत येऊन बसायची. शंकर आत आला की त्याला विचारायची, "काका, बाबांचा कितवा?" तो हसून काहीतरी सांगायचा. मला वाईट वाटायचं. एकदा मी विचारलंच, "तुला माझ्याशी खेळायला आवडत नाही का?" "आवडतं की," ती म्हणाली आणि पडद्याकडं बघितलं.

मग तो रविवार आला. दुपार कलली, खलियाचं पातेलं रिकामं झालं, तरी साहेब उठले नाहीत. मंजू दोनदा हाक मारायला निघाली आणि दोन्ही वेळा मायनंच तिला मागं बसवलं. "बसू दे गं बापाला, तू खा." दिवे लागायच्या वेळेला पडदा हलला आणि शंकरच्या खांद्यावर हात टाकून पाठक साहेब उभे दिसले. चष्मा तिरपा, पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग. "मंजू, चल," ते म्हणाले, आणि तेवढं बोलतानाही भिंतीला टेकले.

मंजू रडली नाही. ती चुलीपाशी खाली बसली आणि मायकडं न बघता बोलायला लागली. "काकू, मी तिथं बसायचे ना, तेव्हा ते दोनच घ्यायचे. आईनं सांगितलं होतं, बाबांच्या बरोबर जायचं आणि दुसरा संपला की उठवायचं. ते माझं ऐकतात. तिथं बसलं तरच ऐकतात. इथून ऐकू जात नाही त्यांना."

मायच्या हातात तवा होता. तिनं तो खाली ठेवला.

बाहेर साहेब स्कूटरला किक मारत होते. अण्णांनी जाऊन किल्ली काढून घेतली. मी माझ्या वडिलांना गिऱ्हाइकाशी आवाज चढवताना तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. "सायेब, किल्ली हितंच राहील. उद्या या."

"माझी स्कूटर आहे. माझी मुलगी आहे," साहेब ओरडले. तो हळू आवाजाचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडू शकतो, हे तेव्हा कळलं.

"पोरगी तुमचीच हाय. म्हणूनच देत नाय," अण्णा म्हणाले.

शेवटी बाबूमियाँनी भाजीचा टेम्पो काढला. मागं रिकाम्या क्रेटांच्या मधे साहेबांना बसवलं, शंकर त्यांना धरून. पुढं मी, मंजू आणि माय. माय हॉटेल सोडून कधी कुठं जात नसे, पण त्या दिवशी तिनं कुणाला विचारलंही नाही, नुसती चढून बसली. शहरात शिरेपर्यंत मंजू रस्ता सांगत होती, "आता डावीकडं, आता त्या दवाखान्यापाशी." एखादी मोठी बाई सांगते तसं.

एका कॉलनीतलं नेटकं घर होतं. दारात रांगोळी, खिडकीला विणलेला पडदा. मंजूची आई फाटकाशीच उभी होती. बारीक अंगाची, चेहरा पांढराफटक. तिनं आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. शंकर आणि बाबूमियाँनी साहेबांना आत नेऊन झोपवलं. मग ती मायला म्हणाली, "हिला स्वयंपाकघरात नेणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"व्हय," माय म्हणाली.

"तुम्हाला वाटलं असेल, कसली आई आहे. पोरीला दारूच्या खोलीत पाठवते."

"वाटलं," माय म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. "अजून बी वाटतंय. बाई, बैल आवरायला कुणी वासरू बांधतंय का?"

मंजूची आई म्हणाली, "मग माझ्याकडं दुसरं काय होतं बांधायला?"

या प्रश्नावर माय काहीतरी ठणकावून बोलेल, असं मला वाटलं होतं. ती पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. मंजूची आईही तिच्याशेजारी बसली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या, एक कॉलनीतली, एक हॉटेलातली. थोड्या वेळानं आतून मंजूच चहा करून घेऊन आली. मायनं कप घेतला, मंजूच्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाली, "चहा करायला मोठी माणसं हायेत की गं हितं." मग तिच्या आईकडं वळली. "पोरगी रविवारी माझ्याकडं येईल. खेळायला. दुसरं काय काम नाय तिला. सायबाला उठवायचं ते मी उठवीन."

"तुम्ही?" मंजूची आई म्हणाली. "तुमच्याच हॉटेलातून?"

"आमचंच हाय म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी साहेब स्कूटर न्यायला आले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. पण रविवारी आले. मंजूला स्वयंपाकघराच्या दारात सोडलं आणि तिथंच घुटमळले. मायनं त्यांना सरळ सांगितलं, "सायेब, दुसरा झाला की मी उठवायला येनार. चालत असंल तर बसा." साहेब चष्मा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "चालेल." आणि इतकी वर्षं पडद्याशी थांबलेली माय त्या दिवसापासून दर रविवारी पडदा सारून खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहायला लागली. "सायेब, उठा. जेवायला वाढलंय." अण्णा पहिल्यांदा लाजेनं लालेलाल झाले. आता धंदा बुडाला असं समजून त्यांनी कडुलिंबांना इतकं पाणी घातलं की खाली डबकं साचलं. धंदा बुडाला नाही. उलट पुढं-पुढं कुठल्या कुठल्या बायका भाजीवाल्याच्या, दूधवाल्याच्या हाती निरोप पाठवायला लागल्या, "आमच्याकडचे आले तर त्यांनाही उठवा म्हणावं." मायला बघितलं की अर्धी खोली न सांगताच बिल मागायची. आणि अण्णांनी एक दिवस पेंटर बोलावून परमिट रूमच्या दारावर लिहून घेतलं की लहान मुलांना आत बसू दिलं जाणार नाही. त्यावर मायचं नाव नव्हतं, पण हुकूम कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं.

साहेब सुधारले का, असं ही गोष्ट ऐकणारे मला नेहमी विचारतात. मधे काही महिने ते दुसऱ्या हॉटेलात जायला लागले होते, जिथं कुणी उठवत नव्हतं. मग परत आले, स्वतःहून. एका दिवाळीत बायकोला आणि मंजूला घेऊन फॅमिली रूममध्ये जेवायला बसले, मायनं स्वतः वाढलं. पुढं त्यांची बदली झाली. दारू पूर्ण सुटली ती पुष्कळ वर्षांनी, डॉक्टरांनी घाबरवल्यावर, असं मंजूनं सांगितलं. ती आता नाशिकला असते, तिलाही नातवंडं आहेत.

गेल्या महिन्यात माझ्या मुलानं नातीचा वाढदिवस अशाच एका ठिकाणी केला. वर बिअरचे पिंप, खाली लेकरांसाठी घसरगुंडी आणि वाळू. सून घाबरत म्हणाली, "आई, तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं, "अगं, माझा पाळणाच परमिट रूमच्या भिंतीला टेकलेला होता." अशा जागी लेकरं न्यावीत की नाही, यावर आमच्या सोसायटीत बायका तावातावानं बोलतात आणि माझं मत विचारतात. मी त्या दिवशी नातीकडंच बघत बसले होते. वाळूत लोळत होती, चप्पल हरवून आली, आणि आमच्या टेबलावर कोण काय पितंय हे बघायला एकदाही आली नाही. मला तेवढं पुरलं. तरी माय असती तर तिनं नातीला उचलून घरी नेलं असतं, हेही मला माहीत आहे, आणि मी तिला अडवलं नसतं.

पण माय पहिल्यांदा पडदा ओलांडून साहेबांना उठवायला गेली तो रविवार मी मनात जपून ठेवलाय. स्वयंपाकघरात मी आणि मंजू सागरगोटे खेळत होतो. पलीकडून मायचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, साहेबांचं पुटपुटणं ऐकू आलं. मंजूनं मान वर केली. क्षणभर ऐकलं. मग एक मोठा श्वास सोडला आणि पुन्हा खेळायला लागली, आणि पहिल्याच झेलाला तिचा गोटा पडला. "नाही पडला," ती म्हणाली. "पडला," मी म्हटलं. "तुझा धक्का लागला!" "नाही लागला!" तिनं सगळे सागरगोटे मुठीत धरले आणि देईना. मी तिची वेणी ओढली. तिनं मला असं चावलं की दंडावर दात उमटले. आम्ही दोघी पिठाच्या डब्यावर पडलो, डबा उलटला, बाबूमियाँ "या अल्ला" म्हणत धावले. मंजू भोकाड पसरून रडत होती, नाक वाहत होतं, इस्त्रीचा फ्रॉक पिठानं माखला होता, आणि रडता रडताच ती ओरडत होती, "माझाच डाव आहे, मी देणार नाही, माझाच डाव आहे!"